पडद्याला भोकं होती

ऑपरेटरकाकांना खऱ्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. चौतीस वर्षं एकाच थिएटरात सिनेमे दाखवले, तेव्हा गल्लीला ते ऑपरेटर, गल्लीतल्या मुलांना ऑपरेटरकाका आणि काकूंना नुसते 'अहो'. थिएटर बंद होऊन सहा वर्षं झाली होती, यंत्रं भंगारात गेली होती. काकांचं मन मात्र अजून यंत्रांच्या त्या केबिनमधून खाली उतरलं नव्हतं. घरात टीव्ही लागला तरी ते खुर्चीत बसत नसत. टीव्हीच्या शेजारी, भिंतीला खांदा लावून उभे राहत. लोकांना एवढं हसवलं-रडवलं, पण स्वतः एकही सिनेमा त्यांनी बसून, सबंध, पाहिला नव्हता.

टीव्हीसमोरची खुर्ची काकूंची. गेल्या वर्षापासून ती रिकामी पडायला लागली होती.

त्याचं असं झालं, काकूंना एका कानानं कमी ऐकू यायला लागलं. गाणं ऐकू येई, बोलणं निसटे. मग त्या विचारत, "काय म्हणाला हो तो?" काका सांगत. दोन मिनिटांनी पुन्हा, "आणि ती काय म्हणाली?" एक दिवस शेजारीण येऊन बसलेली असताना काका फिस्कारले, "अगं, मी सिनेमा बघू की तुला वाचून दाखवू?" शेजारीण हसली. काकूही हसल्या. दुसऱ्या दिवसापासून मात्र टीव्ही लागला रे लागला की त्यांना स्वयंपाकघरात काहीतरी काम निघे. देवापुढचा दिवा घासून झाला, डबे पुसून झाले, पुसलेले डबे पुन्हा पुसून झाले, तरी काम काही संपेना.

काकांना कळत होतं. पण 'चुकलो' म्हणायची जिभेला सवय नव्हती. बिघडलं ते दुरुस्त करायचं, एवढंच त्यांना जन्मभर येत होतं. तेव्हा त्यांनी ठरवलं, घरात आवाजाची नीट सोय करायची. होम थिएटर आणायचं, आणि ती खुर्ची पुन्हा भरायची.

लेकीला फोन केला तर ती उडालीच. "बाबा, तुम्ही? शर्टाची कॉलर उलटून शिवून घेणारे तुम्ही?"

"चैन नाही गं. तुझ्या आईला सिनेमा ऐकू आला पाहिजे."

"मग पाच स्पीकर आणि एक मोठा वूफर असा सेट घ्या. स्वस्तात पडतो. सगळे तोच घेतात."

"सगळ्यांना घर हादरवायचंय. मला नाही."

बाजारातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काका सकाळीच जाऊन बसले. दुकानदार गळ्यात चष्मा अडकवलेला, पोट सुटलेला, बोलायला मोकळा माणूस. त्यानं लेकीनं सांगितलेलाच सेट पुढं केला आणि एका मारामारीच्या सिनेमातला स्फोट लावला. काउंटरवरचे पेन थरथरले.

"बघा काका! छाती हादरली की नाही?"

"छातीच्या गोळ्या चालू आहेत माझ्या. दोन माणसं हळू आवाजात बोलताहेत, असं काहीतरी लावा."

"हळू बोललेलं ऐकायला कोण स्पीकर घेतं हो?"

"मी घेतो."

दुकानदारानं मान हलवत एका कौटुंबिक सिनेमातला प्रसंग लावला. काका उठले आणि दुकानाच्या पार मागं, पंख्यांच्या खोक्यांपाशी जाऊन पाठ फिरवून उभे राहिले. थिएटरातही त्यांची हीच रीत होती. नवा सिनेमा लागायचा त्या सकाळी रिकाम्या थिएटरात एक रीळ चालवायचं, जिना उतरून शेवटच्या रांगेतल्या खांबाआडच्या खुर्चीमागं उभं राहायचं आणि डोळे मिटून ऐकायचं. सगळ्यात अडचणीच्या जागेवरच्या माणसाला कुजबूज कळली, की सगळ्यांना कळली. मॅनेजर टोमणा मारायचा, "ऑपरेटर, त्या खुर्चीवर तुमची सासुरवाडी बसते का?" काका वर जाऊन यंत्राला हात जोडत आणि खेळ सुरू करत.

पाच स्पीकरांच्या सेटातून बाई काहीतरी म्हणाली. तोंडात घास धरून बोलावं तसं. काकांनी बोट हलवलं, नको. दुसरा सेट, नको. तिसऱ्यात तर बाई कुठली आणि बुवा कुठला तेच कळेना. दुकानदाराचा चहा आला, गार झाला.

"काका, तुमच्या पैशात यापेक्षा चांगलं बसत नाही."

"वूफर काढून टाका. मागचे दोन स्पीकर काढून टाका. मग बसतं का?"

दुकानदारानं डोकं खाजवलं. आतून एक धूळ खात पडलेला, खोक्याचा रंग उडालेला आडवा स्पीकर आणला. "हा सेंटर. नुसतं बोलणं यातून येतं. जुना माल आहे, कुणी विचारत नाही." त्याच्या दोन्ही बाजूंना मध्यम आकाराचे दोन लावले, साधा अ‍ॅम्प्लिफायर जोडला आणि तोच प्रसंग पुन्हा सुरू केला.

खोक्यांपाशी पाठ करून उभ्या असलेल्या काकांना बाईचा श्वाससुद्धा ऐकू आला. मग ती म्हणाली, "दार लोटून घे." काकांचा हात खरोखर दाराच्या दिशेनं गेला.

"हेच द्या."

"लोक उलटं करतात हो काका. आधी धडाम, मग परवडलं तर बोलणं."

"धडाम पुढच्या वर्षी बघू."

घरी आल्यावर काकांनी जेवणसुद्धा उभ्यानं उरकलं. वायरी सोलल्या, तांब्याची टोकं पिळून बसवली, पट्टीनं अंतर मोजलं. तिन्ही स्पीकर ओळीनं मांडले. जवळ उभं राहून ऐकलं. खणखणीत! मग स्वयंपाकघराच्या दारात जाऊन घसा खाकरला.

"पाच वाजता खेळ आहे. येतेस का?"

"कुठला खेळ?"

काकांनी सिनेमाचं नाव सांगितलं आणि काकूंच्या हातातला डबा हातातच राहिला.

त्यांच्या लग्नाच्या वर्षी तो सिनेमा थिएटरात पंचवीस आठवडे चालला होता. काकू रोज संध्याकाळी डबा घेऊन लोखंडी जिन्यानं केबिनमध्ये जायच्या. पोहोचेपर्यंत मध्यंतर झालेलं असायचं. काका उभ्यानं जेवायचे आणि काकू स्टुलावर बसून भिंतीतल्या हातभर काचेतून खाली बघायच्या. यंत्रांची खडखड एवढी, की भिंतीवरच्या टिचभर स्पीकरमधलं बोलणं धड कळायचं नाही. पण काकांना सगळं पाठ. ते घास गिळत काकूंच्या कानाशी आधीच सांगायचे, "आता तो म्हणेल, मी येणार नव्हतो." आणि तो तसंच म्हणायचा. काकू तोंडाला पदर लावून हसायच्या. सिनेमाचा दुसरा अर्धा भाग असा त्यांनी शंभरदा तरी पाहिला. पहिला अर्धा मात्र कधीच नाही. तो आणि ती भेटली कशी, हे त्यांना आजतागायत ठाऊक नव्हतं.

पाच वाजता काकू चष्मा पुसून, केसांवरून हात फिरवून खुर्चीत येऊन बसल्या. काकांनी खिडकीचे पडदे ओढले, मनातल्या मनात हात जोडले आणि सिनेमा सुरू केला. स्वतः टीव्हीच्या शेजारी उभे राहिले, नेहमीसारखे.

दहा मिनिटं झाली. काकू मान तिरकी करून बसल्या. मग पुढं सरकल्या. मग त्यांनी चांगला कान पुढं केला. विचारलं मात्र काही नाही. ते न विचारणंच काकांना टोचलं.

"येतंय ना ऐकू?"

"येतंय की." थोड्या वेळानं त्या हळूच उठल्या. "छान आहे हो तुमचं यंत्र. माझेच कान गेले आता, त्याला तुम्ही तरी काय करणार. देवानं डोळे ठेवलेत, ते काय थोडं झालं? तुम्ही बघा, मी भाजी निवडते."

इतक्या जवळून शब्द न् शब्द ऐकू येतोय, आणि हिला नाही? काका तसेच गेले आणि जन्मात पहिल्यांदा त्या खुर्चीत बसले.

बाई गोधडीखालून बोलत होती.

"अगं ए! इकडं ये आधी. तुझे कान शाबूत आहेत. मलाही काही कळत नाही इथून."

काकू दारातून परत आल्या. "मग? दुकानदारानं फसवलं?"

"नाही गं, माझ्या कानांनी ऐकून आणलाय. मांडलाही बरोबर. थिएटरात मांडतात तसाच, चित्राच्या मागं. बोलणारा जिथं दिसतो तिथूनच आवाज यायला हवा ना!"

काकूंनी वाकून पाहिलं. टीव्ही आणि भिंत यांच्या मधल्या फटीत तिन्ही स्पीकर लपवून, शिस्तीत उभे केलेले होते. काकू बघत राहिल्या. मग त्यांच्या खांद्यांना हसू फुटायला लागलं.

"अहो, त्या पडद्याला भोकं होती!"

"काय?"

"बारीक बारीक. लग्नानंतर एकदा खेळ संपल्यावर मला खाली नेऊन तुम्हीच नाही का दाखवली? मी म्हटलं, नव्या पडद्याला सुईनं टोचलं कुणी? तर म्हणालात, वेडे, मागचा आवाज पुढं यायला वाट नको? आता या टीव्हीला दाखवा बघू भोकं!"

काका तोंड उघडं ठेवून टीव्हीकडे बघत राहिले. चौतीस वर्षांचा अनुभव! मग कपाळावर हात मारून ते असे हसले, की चष्मा नाकावरून घसरला.

"लेकीला सांगू नकोस."

"सांगणार. शेजारणीलाही सांगणार." काकूंनी खुर्ची सावरून घेतली. "त्या दिवशी तिच्यासमोर मला बोललात ना, त्याची फिट्टंफाट."

काकांचं हसू विरलं. "चुकलंच ते माझं," ते वायर सोडवता सोडवता, फटीत तोंड घालून म्हणाले. तिथून बोललेलं काकूंना ऐकू गेलं की नाही कोण जाणे. पण त्यांनी विचारलं नाही, काय म्हणालात म्हणून.

आडवा स्पीकर टीव्हीच्या पुढं आला. काकूंच्या कानाच्या दिशेनं त्याचं तोंड वर व्हावं म्हणून काकांनी दाराला लावायची लाकडी पाचर त्याच्याखाली सरकवली. बाकीचे दोघे दोन कडांना गेले. सिनेमा पुन्हा पहिल्यापासून.

पाऊण तास स्वयंपाकघरात कुणी गेलं नाही. तो आणि ती भेटली. चुकीच्या पत्त्यावर गेलेल्या पत्रावरून भेटली. "अस्सं होय!" काकू म्हणाल्या, जणू घरातल्याच कुणाचं लग्न कसं जमलं ते चाळीस वर्षांनी कळलं होतं. काका भिंतीपाशी उभे होते. काकूंनी न बघताच शेजारची खुर्ची ओढली. "बसा की."

काका बसले. थोड्या वेळानं चित्राच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक काळा ठिपका लुकलुकला. जुन्या प्रिंटवरचा, रीळ संपत आल्याचा ठिपका. पुढचं रीळ चढवलेलं दुसरं यंत्र सुरू करायला सात सेकंद. काका ताडकन अर्धे उठले.

काकूंनी पडद्यावरची नजर न हलवता त्यांचं मनगट धरलं.

"बसा हो. आज रीळ दुसरं कुणीतरी बदलेल."