परागच्या सुया

तारनाक्याच्या सरोजबाईंचा पराग म्हणजे अंगानं दाराएवढा. आबिड्सच्या कचेरीत बसून कारकुनी करायची, पण शर्टाची बटणं छातीवर कायम तटतटलेली. ज्या घरात अंडं कधी शिरलं नव्हतं, तिथं आई त्याच्यासाठी रोज आठ उकडायची. पोरगा फुगला, आईही फुगली.

लग्नाला पाच वर्षं झाली तरी पाळणा हलेना. सरोजबाईंनी सुनेला, तेजश्रीला, सोमवार धरायला लावले. वर रोज सकाळी कडू काढा. "पी गं, नाक दाबून पी."

ती प्यायची.

खरं काय ते परागला दोन महिन्यांपूर्वीच कळलं होतं. तपासणीत त्याचंच बीज शून्य निघालं. "व्यायामाबरोबर आणखी काही घेता का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. तो नाही म्हणाला. तेजश्रीनं नुसतं त्याच्याकडे बघितलं, तेव्हा त्यानं तोंड उघडलं. जिमचा उस्ताद युवराज दर आठवड्याला सुई टोचायचा. म्हणायचा, "कुछ नै होता भाई, ताकत की है."

"व्यायाम वाईट नाही, सुई वाईट," बाई म्हणाल्या. "पुरुषाचं हार्मोन बाहेरून मिळायला लागलं की शरीर आपलं काम थांबवतं. सुया बंद करा, व्यायाम बेतानं करा. बहुतेकांचं परत सुरू होतं, पण महिने लागतात, कधी वर्षही."

सुया बंद झाल्या. "आईला मी सांगतो," असं त्यानं तेजश्रीला कबूल केलं. आज सांगू, उद्या सांगू करत राहिला, आणि ती रोज त्याच्यासमोर काढा पीत राहिली.

मग घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू आलं. पराग बायकांत पन्ह्याचा ट्रे फिरवत पुढं आला, तशा शेजारच्या सावित्रीबाई म्हणाल्या, "सरोज, पोरगा बघ कसा भीमासारखा! ह्याच्यात काय खोट असणार? सुनेला दुसऱ्या वैद्याला दाखव."

तेजश्री ओटीच्या हरभऱ्यांचं पातेलं धरून बसली होती. तिची मान खाली गेली. परागचे कान तापले. एवढं थोरलं अंग केलेलं, आता लपवायचं कुठं?

"काकू, खोट माझ्यात आहे," तो म्हणाला. "जिमच्या सुया घेतल्या मी. हिचं सगळं ठीक आहे."

बायका आपापल्या ग्लासात बघायला लागल्या. कुणाला एकदम कैरीची डाळ फारच आवडली.

"अगंबाई, मी आपलं सहज म्हटलं," सावित्रीबाई पुटपुटल्या.

"आणि मी हिला काढा पाजला," सरोजबाई म्हणाल्या.

"मला माहीत होतं, आई. तरी पाजू दिला," पराग म्हणाला.

सरोजबाई उठल्या. सुनेला कुंकू लावताना त्यांना तिच्या डोळ्यांत बघवेना. ओंजळी भरभरून त्यांनी तिची ओटी भरली. पदरात मावेनात, निम्मे हरभरे फरशीवर सांडले.

पराग ट्रे बाजूला ठेवून, गुडघ्यावर बसून ते एकेक वेचू लागला. मान वर करायची त्याची हिंमत होईना.

"अहो, ते राहू द्या," तेजश्री हळूच म्हणाली. "आधी काकूंना पन्हं द्या."