पोरीच्या डोळ्यातला म्हातारा पांढरा

डोळेमावशींच्या कामाच्या खोलीत दिवा लावायला सक्त मनाई होती. कृत्रिम डोळा रंगवायचा तर माणसाला खिडकीशी खुर्चीत बसवायचं, त्याच्या शाबूत डोळ्यावर दिवसाचा उजेड पडू द्यायचा आणि समोर बसून तस्साच जोडीदार रंगवायचा. माणसं मान खाली घालून येत आणि जाताना आरशात दोन-दोनदा बघत. "देवाने सगळ्यांना दोनच दिले, हिने पेटीभर जमवलेत," असं यजमान पाहुण्यांना सांगत. मावशी हसत. पण आपली नजर ही देवाने सांभाळायला दिलेली ठेव आहे, तिचं काय केलंस ते तो एक दिवस विचारील, हे त्या मनापासून मानत.

त्या सकाळी सून चहा घेऊन आली आणि ताटलीतल्या नव्या डोळ्याकडे बघत राहिली.

"आई, हा कुणा आजोबांचा का?"

"आजोबा कसले! त्या शाळेतल्या पोरीचा. दुपारी न्यायला येतेय."

"मग बुबुळाभोवतीचा पांढरा असा पिवळट का?"

लहान मुलांचा पांढरा पाणी घातलेल्या दुधासारखा निळसर असतो, वय झालं की त्यावर पिवळी झाक येते. हे तर मावशींच्या धंद्यातलं ग म भ न. त्यांनी डोळा खिडकीशी धरला. त्यांना तो स्वच्छ, कोवळा दिसत होता.

डॉक्टरांनी गेल्या वर्षीच सांगितलं होतं, मोतीबिंदू आहे, निळा-पिवळा फरक दिसेनासा होईल, काढून टाका, साधं ऑपरेशन असतं. मावशी "बघू" म्हणाल्या आणि घरात अवाक्षर काढलं नाही. कारण 'साधं ऑपरेशन' हे शब्द त्यांनी डोळा गमावून याच खुर्चीत बसलेल्यांच्या तोंडून किती वेळा ऐकले होते! देवाची ठेव जिवापाड जपायची म्हणून त्या गप्प बसल्या, आणि ती हातातच कुजत चालली होती.

द्यावा का तसाच? आईला कदाचित कळणारही नाही. पण वर्गातली पोरं? ती सोडतील होय?

दुपारी मायलेकी आल्या, तेव्हा मावशींनी ताटली बाजूला सारली. "आज देत नाही. चुकलाय माझ्या हातून."

"अहो, परवा शाळा उघडतेय!" पोरीची आई उसळली. "आणखी किती दिवस पट्टी बांधून हिंडायचं हिने?"

"मला चालेल चुकलेला," पोर हळूच म्हणाली.

"मला नाही चालत, राणी. बस इथं." मावशींनी सुनेला हाक मारली. "तू सांग, मी रंग कालवते."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"सकाळी कळलं तेवढं पुरे."

सून पोरीच्या डोळ्यात डोकावली. "निळा घाला. अजून. आई, घाबरू नका, अजून थोडा."

मावशींना फरकच दिसेना. जन्मात पहिल्यांदा त्या अंधारात चाचपडल्यासारखा रंग मिसळत होत्या.

"बास, बास! हाच."

त्या रंगाने पुन्हा रंगवलेला डोळा पोरीच्या गालाशी धरला तेव्हा तिची आई पुढे झाली, बघितलं, आणि पोरीच्या केसांवरून हात फिरवू लागली.

मायलेकी गेल्यावर मावशींनी सुनेला मोतीबिंदूचं सगळं सांगितलं. ऐकून ती म्हणाली, "आई, तुमच्या खुर्चीत बिघडलेलेच येऊन बसणार. बरे झालेले कशाला येतील हो तुमच्याकडे?"

मावशींची भीती मात्र होती तेवढीच होती.

"उद्यापासून तू माझ्या शेजारी बसायचं," त्या म्हणाल्या. "हातात आहे तेवढं तुला देऊन ठेवते." मग त्यांनी दवाखान्याचा नंबर लावला.

"कोणता आधी करायचा, मावशी?" पलीकडच्या मुलीने विचारलं.

आधी कोणता पणाला लावायचा? मावशींनी आधी एक, मग दुसरा डोळा तळहाताने झाकून बघितला.

"डावा," शेवटी त्या म्हणाल्या. फोन ठेवला, तरी डाव्या डोळ्यावर ठेवलेला हात काही त्यांच्याने काढवेना.