अठरा नंबरचा पंप

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, संघटनेत नाही, ज्याच्यासोबत तीन वर्षं एकाच टेबलावर प्रयोग केले त्या फरहानलाही नाही. तुम्ही कदाचित संघटनेसाठी मी लिहिलेली पत्रकं वाचली असतील — ‘आकडे लपवणाऱ्यांनो, जाब द्या!’ ती ओळ माझी. ठळक छापा म्हणून मीच भांडले होते.

मी तर आकडा लपवलासुद्धा नाही. मी तो बनवला.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी रसायनशास्त्राच्या मॅडमनी आम्हा दोघांना संशोधनाला घेतलं. कोलार रोडच्या मागे, नव्या कॉलन्यांच्या भिंती संपतात तिथे एक वस्ती आहे. तिथल्या वीस हातपंपांच्या पाण्यात नायट्रेट किती, ते शोधायचं. संडासाचं पाणी जमिनीत मुरलं की ते वाढतं. मोठ्यांना पटकन काही होत नाही. तान्ह्या बाळांना भोवतं, ती निळी पडतात. बाटली त्याच पंपाच्या पाण्याने तीनदा विसळायची, चौथ्यांदा भरायची, नंबर टाकायचा. लॅबमध्ये रसायनं घातली की पाणी पिवळं होतं — जितकं गडद, तितकं वाईट. आणि निकाल आला की थेट पंपावर रंगाचा ठिपका काढायचा, लाल नाहीतर हिरवा. मॅडमची अट होती ती. ज्यांचं पाणी, त्यांना आधी कळलं पाहिजे. मला ही अट इतकी आवडली होती, की नेहरू नगरच्या आमच्या घरी मी आठवडाभर तेच बोलत होते.

पहिले दहा पंप फरहानचे, पुढचे दहा माझे.

अठरावा गल्लीच्या टोकाला, नाल्याला लागून. भर दुपार होती. मी वळले आणि — कसं सांगू? पंपाचा दांडा खाली येत होता. सावकाश. कुणीतरी नुकताच सोडून बाजूला व्हावं तसा. तोंडातून बारीक धार पडत होती, ती तुटली. खालचा चौथरा ओला. आजूबाजूला कुणी नाही, घरांची दारं बंद, ओलं पाऊल एकही नाही. दांडा स्वतःच्या वजनाने उतरतो, एवढं मला कळत नव्हतं? कळत होतं. पण वर कुणी नेला होता तो? मी दोन पावलं पुढे गेले. दांडा अर्ध्यावर थांबला.

मी पळाले.

चार वाजता मॅडमना ट्रेमध्ये वीस बाटल्या हव्या होत्या. अठराची रिकामी होती. परत जाता आलं असतं. फरहानला पाठवता आलं असतं. ‘मी घाबरले’ — एवढंच म्हणायचं होतं! पण वस्तीत जायला कचरणाऱ्या मुलींची मी वर्गात इतकी खिल्ली उडवली होती, की आता ते तोंडातून निघेना. मी लॅबच्या पिंपातल्या डिस्टिल्ड वॉटरने, म्हणजे ज्यात काही नसतंच त्या पाण्याने, ती बाटली भरली. तीनदा विसळून. हो, तीनदा विसळली.

एकोणीस नळ्या पिवळ्या झाल्या. एक तशीच राहिली, नितळ.

“अबे यार, इसको तो पैक करके बेचो!” फरहान म्हणाला. मॅडम हसल्या नाहीत. पुन्हा नमुना आण, म्हणाल्या. मी पुन्हा त्याच पिंपातून भरला. मग मात्र मॅडमचा आवाजच बदलला — एवढ्या घाणीत एक पंप शुद्ध कसा? खडकाचा वेगळा थर असेल? संशोधन स्पर्धेतल्या आमच्या पोस्टरचा सगळा भर त्या एका पंपावर होता. पहिलं बक्षीस मिळालं.

हिरवा ठिपका फरहानने काढला. मी गल्लीच्या तोंडाशीच उभी राहिले. तिथेच रेखा भेटली — पंपाशेजारच्या घरातली, माझ्याच वयाची, तेव्हा नवी नवरी. “दीदी, ये वाला पक्का ठीक है ना?”

“पक्का,” मी म्हटलं.

सगळी वस्ती त्या पंपावर यायला लागली.

गेल्या महिन्यात — दोन वर्षांनी — मी एकटी गेले आणि त्या पंपाला पहिल्यांदा हात लावला. बाटली भरली. ओळखीच्या लॅबमध्ये तपासली. त्या एकोणीसपैकी एकही नळी इतकी पिवळी झाली नव्हती.

दुसऱ्याच दिवशी लाल रंग घेऊन गेले. बायका रांगेत होत्या. मी हिरव्यावर लाल फासला आणि म्हटलं, “पानी अब ख़राब हो गया है.” तो ‘अब’ मी मुद्दाम घातला.

रेखाने बादली खाली ठेवली. मागच्या हिवाळ्यात तिचं बाळ गेलं होतं, हे मला तिथे कळलं. तीन महिन्यांचं. वरच्या दुधावर होतं, याच पंपाच्या पाण्यात कालवलेल्या. ओठ निळे पडले होते, म्हणाली. मग अगदी हळू — “पिछले जाड़े में तो ठीक था ना, दीदी?”

मी तोंड उघडायच्या आत तिची सासू बोलली. “ठीक ही था, बहू. मैंने अपनी आँखों से देखा था इसको. दोपहर में अकेली खड़ी थी, नीली चुन्नी में. तीन बार बोतल धोई, चौथी बार भरी.”

त्या दिवशी माझी ओढणी निळीच होती.

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, “हाँ. तब ठीक था.”

बाळ पाण्यानेच गेलं का, मला माहीत नाही. त्या हिवाळ्यातलं पाणी आता कुणालाच तपासता येणार नाही. म्हातारीने कुणाला पाहिलं, तेही माहीत नाही. ती मी नव्हते. त्या पंपाचं पाणी तेव्हा कुणीही तपासलं नव्हतं. रेखाने दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा मी हो म्हटलं.