शिरूरची गाडी चुकलेला पाहुणा

या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी चहाबरोबर करमणूक म्हणून वाचतो, हे आधीच सांगून टाकतो. उभा जन्म रेल्वेत मालगाड्या चालवल्या. दौंड-मनमाड, दौंड-सोलापूर. जिथे चिटपाखरू नाही अशा ठिकाणी सिग्नलची वाट बघत इंजिनात बसून राहिलोय. पांढऱ्या साडीतली बाई आमच्या सगळ्या ड्रायव्हरांना दिसली, मलाच कधी दिसली नाही. दिसली असती तर हॉर्न दिला असता.

तर... साल दोन हजार दोन किंवा तीन असेल. मी रिटायर होऊन दौंडमध्येच कुरकुंभ रस्त्याला दोन खोल्या बांधून राहत होतो. बायको त्याआधीच गेली होती. मुलगी नागपूरला. शुगर माझी जुनीच, त्यात हर्नियाचं ऑपरेशन झालं. मुलगी तान्ह्या बाळाला घेऊन आली, जमेल तेवढं राहिली आणि गेली. रिक्षात बसताना रडत होती. मी आपला "जा गं, मला काय धाड भरलीय" म्हणत गेट धरून उभा. रिक्षा वळली आणि मग मला घरात जावंसंच वाटेना.

टाके काढताना डॉक्टर म्हणाले होते, "काका, तुमचं क्रिएटिनिन वाढलंय. किडनीवर ताण आलाय. शुगरवाल्यांना ऑपरेशननंतर हे होऊ शकतं. पाणी व्यवस्थित प्या, दुखलं तरी मनाने गोळ्या घेऊ नका, आणि थोड्या दिवसांनी रक्त पुन्हा तपासू. वाढत गेलं तर डायलिसिस... त्यासाठी मग पुण्याला चकरा."

पुण्याला चकरा! मला कोण नेणार होतं? ती भीती पोटात घेऊनच घरी आलो. आणि तरीही पाणी प्यायलो नाही.

हे इतरांना पटणार नाही, पण ड्रायव्हर लोकांना पटेल. इंजिनात संडास नसतो. गाडी सोडून उतरता येत नाही. म्हणून ड्युटीवर पाणी प्यायचंच नाही, ही आमची रीत. त्यात शुगरवाला असेल तर त्याने तोंडाला कुलूपच लावायचं. वर्षानुवर्षं हे केल्यावर तहान लागायचीच बंद झाली होती. शिवाय जखम ठणकायची, उठायचा कंटाळा. समोरच्या मंगलला सांगून मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्यांची पाकिटं आणवली आणि खुशाल खात होतो. डॉक्टरांना कशाला सांगायचं? मंगल बिचारी सकाळी डबा द्यायची, माठ भरून जायची. बाकी दिवसभर मी आणि घड्याळ.

अशाच एका दुपारी दाराशी आवाज आला, "पाव्हणं, वाईच पानी मिळंल का?"

साठीचा गडी. पांढरी टोपी, खांद्यावर टॉवेल, पायात धुळीने भरलेल्या वहाणा. न्हावरे गावाकडचा आहे म्हणाला, शिरूरची एसटी चुकली होती. मी तांब्या-भांडं पुढे केलं. त्याने भांडं भरून माझ्याच हातात दिलं.

"आमच्यात घरधन्यानं आधी घोट घेतल्याबिगर पाव्हणा पीत न्हाई."

घेतला घोट. तो म्हणाला, "घोट न्हवं, भांडं." मग मी भांडं संपवलं, मग त्याने. मग पुन्हा मी. गप्पा मारता मारता तांब्या रिकामा झाला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. तिसऱ्या दिवशीही. "रोज कशी हो तुमची एसटी चुकते?" विचारलं, तर म्हणाला, "तुम्ही रेल्वेवाले, तुमास्नी एसटीचं काय कळायचं?" दोघंही हसलो. ऑपरेशननंतर मी पहिल्यांदाच हसलो, टाक्यांच्या जागी कळ आली. गोळीचं पाकीट उचललं तर त्याने हात पुढे केला.

"मला द्या की. माझा गुडगा लय ठणकतुय."

माझ्याजवळ होती ती सगळी पाकिटं त्याने टॉवेलात बांधली. पाहुण्याला नाही कसं म्हणायचं? तो गेल्यावर पुन्हा मंगलला सांगायची लाज वाटली, तसाच कळ काढत राहिलो. एकदा पाणी नको म्हणालो तर माझ्याकडे बघत तो हळूच बोलला, "उतरा की आता खाली. कवाच टेसन आलंय तुमचं." मी ड्रायव्हर होतो हे त्याला सांगितलं होतं. ड्युटीवर पाणी न पिण्याचं मात्र कधीच सांगितलं नव्हतं... बायकोलासुद्धा.

मला त्याची सवय लागली. दुपार कधी होते याची वाट बघायचो. अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून बसायचो.

पुढच्या तपासणीत क्रिएटिनिन उतरलं होतं. गोळ्यांचं तेव्हा कबूल केलं. डॉक्टर भडकले, "अहो, त्याच गोळ्यांनी किडनी गेली असती! बंद कोणी केल्या?"

घरी आल्यावर आनंदाने मंगलला म्हणालो, "आज पाहुण्यासाठीही चहा टाक."

"कोन पाव्हणा, काका?" ती गोंधळली. "म्या रोज दुपारी हितंच वट्ट्यावर निवडत बसती. तुमच्याकडं कुनीबी येत न्हाई. तुम्ही येकटंच बोलत आस्ता... मला वाटलं, काकींची याद येती आसंल."

एसटी स्टँडवर जाऊन विचारलं. त्या वेळेला शिरूरला गाडीच नव्हती.

डॉक्टरांच्या मते शुगर वरखाली झाली की माणसाला भास होतात. असेल. मग पाकिटं कुठे गेली? मंगलने आणि मी घर उलटंपालटं केलं, एक गोळी सापडली नाही.

तो परत आला नाही. रिपोर्ट चांगला आला त्याच दिवसापासून बंद.

आता जे सांगतो ते मुलीलाही ठाऊक नाही. दुपारी घर खायला उठायचं. माझी तब्येत बिघडली तर तो येईल, असं माझ्या डोक्याने घेतलं, आणि मी मुद्दाम पाणी प्यायचं सोडलं. फोनवर मुलगी विचारायची, "बाबा, पाणी पिताय ना?" मी हो म्हणायचो आणि धुतलेला सदरा घालून दाराकडे बघत बसायचो.

कोणी आलं नाही. एका दुपारी डोळ्यांपुढे अंधारी आली तेव्हा घाबरलो. भिंत धरत माठापर्यंत गेलो, तांब्या भरला, उंबऱ्यात येऊन बसलो. एक भांडं प्यायलो. सवयीने दुसरं भरलं आणि समोर धरून बराच वेळ थांबलो.

मग तेही मीच प्यायलो.