मास्तरांच्या नावावरची खिडकी

ऑफिसात तिला सगळे मावशी म्हणत. पन्नाशी तिने तिथेच ओलांडली होती आणि आजूबाजूला बसणारी पोरंपोरी तिच्या मुलीच्या वयाची होती, एवढंच त्याचं कारण. तिला स्वतःला ते नाव फारसं रुचत नसे. पण एकदा चिकटलेलं नाव थोडंच सोलून काढता येतं. पुढे पुढे साहेब लोकही भर मीटिंगमध्ये तिला मावशीच म्हणायला लागले, आणि तीही निमूटपणे ओ द्यायला शिकली.

ती नेमकं काय काम करते हे तिच्या नवऱ्याला बरीच वर्षं उमगलं नव्हतं. तो लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. हातात पाना असल्याशिवाय त्याला कुठलंही काम काम वाटत नसे. एका रविवारी तिने त्याला समोर बसवून समजावलं. बँकेत कशा खिडक्या असतात, इथे पैसे भरा, तिथे पासबुक दाखवा, तशाच कंपनीच्या सॉफ्टवेअरला खिडक्या असतात. माणसांसाठी नाही, दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरसाठी. बाहेरचं सॉफ्टवेअर खिडकीवर येतं, ठरलेल्या पद्धतीने प्रश्न विचारतं, ठरलेल्या पद्धतीने उत्तर घेऊन जातं. त्या खिडकीला एपीआय म्हणायचं. आणि कुठली खिडकी कशाची, चालू की बंद, तक्रार असली तर कुणाला गाठायचं, हे सगळ्या जगाला दिसेल असं एका पानावर मांडायचं, त्या पानाला प्रोफाइल म्हणायचं. ती पानं ती लावते.

"म्हणजे तू पाट्या रंगवतेस," नवरा म्हणाला. तेव्हापासून तो ओळखीपाळखीच्या लोकांना बायको पाट्या रंगवते असंच सांगायचा, आणि ते फारसं चूकही नव्हतं.

कंपनी अवाढव्य होती. दुकानांच्या हिशेबापासून दवाखान्यांपर्यंत आणि शाळांच्या हजेरीपासून मालाच्या ट्रकांपर्यंत सगळ्यांत तिचा हात. यातलं निम्म्याहून अधिक तिने छोट्या कंपन्या गिळूनच मिळवलेलं. गिळलं होतं, पण पचवलं नव्हतं. प्रत्येक विभागाच्या खिडक्या वेगळ्या, पाट्या वेगळ्या, आणि दोन विभाग एकमेकांकडे वाटणी झालेल्या चुलत भावांसारखे बघायचे. बाहेरून कुणी विचारलं की अमुक माहिती तुमच्याकडे कुठे मिळेल, तर त्याची पार टोलवाटोलवी होई. वरच्या साहेबांचं म्हणणं, अख्ख्या कंपनीची मिळून एकच मोठी पाटी लावा. विभागांचे प्रमुख म्हणत, आमची पाटी आमच्याच दारावर. या वादात दोन वर्षं गेली आणि चहाचे किती कप गेले ते देव जाणे.

तोड काढली मावशीनेच. वर कंपनीचं एक पान, त्याखाली प्रत्येक उत्पादनाचं आपलं पान, आणि प्रत्येक पानावर चारच गोष्टी ठळक: नाव, काम, चालू की बंद, आणि मालक. मालक म्हणजे जबाबदार माणूस, जिवंत, नावानिशी. नुसता विभागाचा पत्ता चालणार नाही, यावर ती अडून बसली. शिवाय एक नियमही तिनेच घालायला लावला. ज्या पानाला मालक उरणार नाही त्यावर आपोआप 'बंद' लागेल आणि पाठोपाठ ती खिडकीही बंद होईल. बेवारशी खिडकी लोकांना फसवते, असं ती तेव्हा मीटिंगमध्ये म्हणाली होती. शाबासकी अर्थातच तिच्या साहेबांना मिळाली, पण नियम मात्र तिचा राहिला.

आणि मग आपल्याच नियमाला पळवाट काढणारी पहिलीही तीच. माणसं नोकरी सोडून जात, त्यांच्या खिडक्या बेवारशी होत. एखादी खिडकी बाहेर कुणाच्या तरी रोजच्या उपयोगाची असे, आणि मावशीला ती बंद होताना बघवत नसे. मग ती मालकाच्या रकान्यात स्वतःचं नाव टाकी, तात्पुरतं म्हणून. असं करता करता ती कितीतरी खिडक्यांची मालकीण होऊन बसली.

त्यातली एक खाटांची. दवाखान्यात किती खाटा रिकाम्या आहेत ते ही खिडकी सांगायची. एका छोट्या कंपनीने ती आडबाजूच्या गावांसाठी केली होती, आणि ती कंपनी विकत घेतली तेव्हा सामानसुमानाबरोबर मास्तरही आले. मास्तरांनीच ती खिडकी बांधलेली. आधी शाळेत गणित शिकवत म्हणून मास्तर. बोलणं मोजकं, शर्टाच्या खिशाला कायम शाईचा डाग, आणि कुणी कॉफी पाजली तर दुसऱ्या दिवशी परत पाजल्याशिवाय चैन पडायचं नाही. मावशीचं आणि त्यांचं छान जमायचं. एका दुपारी ते जिन्यात कोसळले ते उठलेच नाहीत. त्यांच्या खुर्चीवर कुणी बसायच्या आत मावशीने खाटांच्या खिडकीवर आपलं नाव चढवलं होतं.

ती खिडकी रुसकी होती. दवाखान्यांकडून येणारे आकडे मधेच अडकायचे आणि मग जुनाच आकडा तसाच दिसत राहायचा. मावशी रोज सकाळी पर्स ठेवल्या ठेवल्या त्या आकड्यांवरून नजर फिरवी. एखादा आकडा फार वेळ हलला नाही की दवाखाना विभागातल्या इंजिनिअरला फोन लावी, आणि तो कुरकुरत का होईना, गाडं पुन्हा सुरू करून देई. हे काम तिला कुणी सांगितलेलं नव्हतं, म्हणून ते कुठे लिहिलेलंही नव्हतं.

या खिडकीवर येणाऱ्यांत एका लहान गावातला रुग्णवाहिकेवाला होता. आधी नुसता ड्रायव्हर, आता स्वतःच्या गाड्या चालवणारा. पाटीवरचा नंबर बघून त्याने एकदा फोन केला होता, तेव्हापासून ती त्याला दादा म्हणे आणि तो तिला ताई. दोघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या ऑफिसात भिंतीवर एक स्क्रीन होता आणि त्यावर खाटांचे आकडे. पेशंट गाडीत घेतला की आधी स्क्रीन बघायचा, मग चाक वळवायचं.

मग एके दिवशी मॅडमनी मावशीला काचेच्या खोलीत बोलावलं. मॅडम म्हणजे तिच्या नव्या साहेब, वयाने तिच्या अर्ध्या. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला तेव्हाच मावशी काय ते समजली. मोठी कपात होती, तिच्या मजल्यावरची बरीच डोकी जाणार होती. तिच्या नावावरच्या खिडक्यांना महिन्याभरात नवे मालक शोधून द्यावेत, एवढी मॅडमची विनंती होती. मावशी रडली नाही. तिला राग आला होता, आणि त्या रागात ती झपाट्याने कामाला लागली.

बाकीच्या खिडक्या गेल्या. कुणी ओळखीखातर घेतली, कुणी गळ्यात पडली म्हणून. खाटांची मात्र कुणी घेईना. दवाखाना विभागाचं म्हणणं, आमचं नवीन उत्पादन आहे ना, लोकांनी त्यावर यावं. नव्या उत्पादनात फक्त मोठ्या शहरांतले दवाखाने होते. आडगावांचा त्यात पत्ताच नव्हता, आणि ते कुणाला सांगून उपयोग नव्हता.

तिने दादाला फोन केला. खिडकी बंद होणार, पूर्वीसारखी सोय बघा, असं सांगितलं. तो म्हणाला की पूर्वी गाडी उभी करून एकेका दवाखान्याला फोन लावायचो, कोणी उचलायचं, कोणी नाही, आणि मागे नातेवाईक रडत असायचे. "ताई, जमलं तर बघा. तुम्ही आहात म्हणून आमची गाडी दारोदार फिरत नाही."

हे वाक्य तिच्या डोक्यातून जाईना. आणि शेवटच्या आठवड्यात तिला मास्तर आठवले. त्यांच्या घरच्यांना द्यायच्या पैशांचे कागद पुरे होईपर्यंत त्यांचं नाव कर्मचाऱ्यांच्या यादीत ठेवलं होतं, आणि मग ते काढायचं सगळेच विसरून गेले होते. मालकाच्या रकान्याला एवढंच कळायचं की टाकलेलं नाव यादीत आहे की नाही. मावशीने मास्तरांचं नाव टाकलं. पान हिरवं झालं. 'चालू.' कपातीत त्यांची नोकरी जाण्याची भीती नव्हती, हा विचार मनात येऊन तिला हसूही आलं आणि डोळे भरूनही आले. इंजिनिअरला तिने सांगितलं की आकड्यांवर अधूनमधून नजर टाकत जा बाबा. तो हो म्हणाला. दादाला तिने कळवलं की राहिली खिडकी, काळजी करू नका. एवढ्या सगळ्या पडझडीत एक गोष्ट तरी आपण वाचवली, असं तिला वाटलं.

संध्याकाळी जेवताना तिने ते नवऱ्याला सांगितलं, जरा तोऱ्यातच. तो घास चावत ऐकत होता.

"बंद लिफ्टमध्ये कोणी मरत नाही," तो म्हणाला. "लोक पाटी बघतात, शिव्या देतात आणि जिने चढतात. माणूस मरतो तो चालू म्हणून लिहिलेल्या लिफ्टमध्ये."

"तुम्हाला सगळीकडे लिफ्टच दिसते," ती म्हणाली, आणि ताटं उचलली.

नंतरचे महिने वाईट गेले. अर्ज केले, उत्तरं आली नाहीत. ती घरात आवराआवर करत सुटली. डब्यांना चिठ्ठ्या लावल्या, चाव्यांना लावल्या, नवऱ्याच्या पान्यांनाही लावल्या. आता माझ्याही कपाळावर एक लाव, असं तो चिडवायचा, आणि तिला हसू यायचं नाही. इंजिनिअरचीही कपातीच्या दुसऱ्या फेरीत गच्छंती झाल्याचं तिच्या कानावर आलं, तेव्हा तिला त्याच्याबद्दल वाईट वाटलं. पण आता आकड्यांवर नजर कोण टाकणार, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. रकान्यात नाव होतं, पान हिरवं होतं. स्वतः लावलेल्या पाटीवर तिचा पुरता विश्वास बसला होता.

दादाचा फोन आला तेव्हा ती कपडे वाळत घालत होती. एवढ्या महिन्यांनी आवाज ऐकून तिला आधी आनंदच झाला. तो मात्र हळू बोलत होता.

तो म्हणाला, आकडे हलत नाहीत ताई. त्याच्या गावातली एक शिक्षिका होती, धाप लागलेली, ओठ काळेनिळे पडलेले. स्क्रीनवर पुलापलीकडच्या दवाखान्यात दोन खाटा रिकाम्या दिसत होत्या. गाडी तिकडे नेली. तिथे दारातच सांगितलं, इथे कित्येक दिवसांत खाट रिकामी नाही. गाडी वळवली, पण पूल ओलांडायच्या आधीच ती गेली. तिचा मुलगा मागे तिचा हात धरून बसला होता.

मावशी ओल्या चादरीला धरून उभी राहिली. तो तिला दोष देत नव्हता. तसं काही त्याच्या मनातही नव्हतं, आणि तेच तिला सोसवेना.

"मी याआधीच लिहिलं होतं ताई, आकड्यांबद्दल. पाटीवर ज्यांचं नाव आहे ना, त्यांना. चार-पाच मेल केले. माणसाचं नाव आहे, चालू लिहिलंय, म्हटलं कामात असतील, बघतील. तुम्ही ओळखता का त्यांना? ते उत्तर का देत नाहीत?"

तिला खोटं बोलता आलं असतं. शब्द तोंडापर्यंत आलेही होते.

"ते नाहीत," ती म्हणाली. "वारले."

"अरेरे. कधी?"

"मी त्यांचं नाव टाकलं त्याच्या आधी."

पलीकडे एक गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, कुणीतरी दादाला हाक मारली. बेवारशी खिडकी लोकांना फसवते, हे आपणच कधीतरी भर मीटिंगमध्ये म्हणालो होतो, ते तिला आठवलं.

"तिच्या मुलाला मी सांगितलं, मशीन बिघडलं," तो शेवटी म्हणाला. "मग आता ही बंद करायला कोणाला सांगू?"

पान बंद करणं मालकाच्या हातात होतं, आणि मालक मास्तर होते. तिच्याकडे लॉगिन नव्हतं. ती मॅडमना फोन करणार होती, दवाखाना विभागाला करणार होती, कुणी दाद देईपर्यंत करत राहणार होती. त्या खिडकीवर येणाऱ्या बाकीच्या दोन गावांचे नंबर तिला पाठ होते, तिथेही लगेच कळवायचं होतं. पण दादाची पुढची गाडी त्याआधी निघणार होती.

"दादा, कागद घ्या," ती म्हणाली. "मोठा घ्या. अख्खा स्क्रीन झाकला पाहिजे. त्यावर लिहा, बंद आहे. आकडे बघू नका, दवाखान्यात फोन करा."

तो लिहीत असताना पेन घासल्याचा आवाज तिला ऐकू येत होता. मग तो थांबला. इतक्या वर्षांत तिच्या पाट्या वाचून त्यालाही सवय लागली होती.

"खाली नाव कोणाचं घालू?" त्याने विचारलं.

मावशीने आपलं नाव सांगितलं, आडनावासकट, आणि त्याने लिहून होईपर्यंत फोन धरून ठेवला.