'हे लोक'चं इंग्रजी

निजामाच्या सगळ्या मुलखात आमच्या इंग्रजीच्या मास्तरांइतका हट्टी माणूस दुसरा नव्हता, आणि हे मी खुद्द निजामाला धरून बोलतो. निजाम निदान गादीसाठी हट्टाला पेटला होता. मास्तर पेटायचे ते 'दिस' आणि 'दॅट' या दोन शब्दांपायी. हाताला लागेल ते 'दिस', लांब बोट करावं लागेल ते 'दॅट'. एकाहून जास्त असले की 'दीज' आणि 'दोज'. बस, एवढंच त्यांचं सगळं व्याकरण; पण एवढ्यावर त्यांनी आमच्या मुरुम गावातली पोरं पिढ्यान्‌पिढ्या भाजून काढली. वस्तूला हात लावल्याशिवाय 'दिस' म्हणायची वर्गात बंदी होती. एकदा भिंतीच्या भेगेतून विंचू निघाला. पाटलाचा पोरगा 'दिस इज अ स्कॉर्पियन' म्हणून किंचाळत बाकावर चढला. मास्तर जागचे हलले नाहीत. म्हणाले, "हात लावला काय त्याला? न्हाई ना? मग दॅट." पोरानं 'दॅट' म्हणेपर्यंत विंचवाला जीवदान मिळालं.

शाळेबाहेर तरी माणसानं सैल व्हावं! बाजारात माळीणबाई लांबच्या ढिगाकडं हात करून "ही वांगी घ्या, मास्तर" म्हणाली, की हे तिला सांगायचे, ही नव्हं बाई, ती. मग ती एक वांगं उचलून त्यांच्या मुठीत कोंबायची आणि विचारायची, "आता तरी ही का?" मास्तर एवढे खूश व्हायचे, की घासाघीस न करता पिशवी भरायचे. बाजारातल्या समद्या बायकांना ही युक्ती ठाऊक होती. घरात पडद्याआडून त्यांच्या बीबींनी "वो पतीली देना" म्हटलं, तर मास्तर पातेल्यावर हात ठेवून विचारायचे, "वो कौनसी? इधर तो ये है." त्या घरात स्वयंपाक वेळेवर कसा व्हायचा, अल्लाच जाणे.

पण या सगळ्यात एक मेख होती. आपल्या मराठीत 'हे घर' आणि 'हे लोक', दोन्हीकडं 'हे'च. सरकारच्या हुकमानं आम्हाला शिकावं लागायचं उर्दूतून, आणि आमच्याकडच्या बोलीत 'ये आदमी' आणि 'ये लोगां', दोन्हीकडं 'ये'च. घरची भाषा आणि सरकारची भाषा, दोघींनी मिळून आम्हाला एकाच खड्ड्यात ढकललं होतं. लोक अनेक, म्हणून 'दीज पीपल', असं मास्तर घसा कोरडा करून सांगायचे. पोरं 'दिस पीपल' लिहायची. छड्या मारमारून त्यांनी सगळ्यांना त्या खड्ड्यातून वर काढलं. मी तेवढा निघालो नाही.

मी तेव्हा शेवटच्या वर्गात होतो आणि निजामाविरुद्ध चोरून पत्रकं लिहीत होतो. रझाकार गावोगाव माजल्यासारखे फिरत होते, शेजारच्या खेड्यात एका कार्यकर्त्याचं घर माणसांसकट पेटवलं होतं, आणि आम्ही रोज सकाळी शाळेत बादशहाच्या सलामतीची दुआ म्हणत होतो. मास्तर ती सगळ्यांत मोठ्यानं म्हणायचे. एकदा माझ्या दप्तरात त्यांना पत्रक सापडलं. "हे जाळ. मी सरकारचं मीठ खातो," एवढंच बोलले, आणि 'हे' म्हणताना कागदावर बोट टेकवायला विसरले नाहीत. मी त्यांना सरकारचा माणूस म्हणत असे. ते होतेच सरकारचे. मी शब्द मागं घेत नाही.

पुढं एका पत्रकाच्या तळाशी, बाहेरच्या वर्तमानपत्रांनी वाचावं म्हणून, मी इंग्रजीत एक ओळ ठोकून दिली: दिस पीपल इज अवेक. हे लोक जागे झालेत. पत्रक फिरत फिरत हैदराबादेत गेलं. तिथल्या कुणा शहाण्यानं 'दिस'खाली रेघ मारून ते आमच्या अमीनाकडं, म्हणजे ठाण्याच्या फौजदाराकडं पाठवलं, की ही चूक करणारा पोरगा शोधा.

अमीन भर दुपारी वर्गात आला. दारात बंदूकवाला शिपाई उभा केला, पत्रक टेबलावर टाकलं आणि मास्तरांना फर्मावलं, एकेकाला उठवून 'ये लोगां'चं इंग्रजी विचारा. पोरांना ती परीक्षा वाटली. मला मात्र सगळं कळलं. खिडकीला गज होते. बेड्या पडल्या तर पडू देत; पण माझं नाव फुटलं, की आमचं घर पेटणार, आणि घरात आई होती. गंमत अशी, की ऐन वेळी मला आठवेनाच, बरोबर कुठलं आणि चूक कुठलं. डोक्यात नुसतं 'हे, हे, हे' वाजत होतं.

मास्तरांनी पत्रक वाचलं. माझ्याकडं पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही. मग त्यांनी पाटलाच्या पोराला उठवलं. तो छातीठोकपणे म्हणाला, "दीज पीपल."

"गलत," मास्तर म्हणाले.

 मास्तरांनी फळ्यावर ठळक अक्षरात 'दिस पीपल' लिहिलं. "लोक म्हंजे एक. एक म्हंजे दिस. पुन्हा सांग." पोरगा चाचरत 'दिस पीपल' म्हणाला. मग त्याच्या शेजारचा, मग मागचा. माझ्यापर्यंत येईस्तोवर अख्खा वर्ग तेच म्हणत होता. मीही म्हटलं आणि खाली बसलो.

अमीन एकदा कागदाकडं आणि एकदा फळ्याकडं बघत राहिला. "मास्टरसाब, ऊपर से तो इसकोच गलती लिखके आया."

"ऊपरवालों को बोलो, मेरे पास आके सीखना."

"तो ये परचा आपकेच शागिर्द का हुआ."

"इस गांव में जो भी अंग्रेजी लिखता, मेराच शागिर्द है. किस किस को पकडते?"

"किसी को नहीं. आप चलो."

मास्तरांनी हाताचा खडू झटकला, टोपी सारखी केली आणि शिपायाच्या पुढं चालू लागले. ठाण्यात त्यांना उपाशी बसवून नाव विचारलं. त्यांनी दिलं नाही. शेवटी सोडलं, पण नोकरी गेली, आणि हुकमात कारण दिलं ते असं: चुकीचं इंग्रजी शिकवतात. राजद्रोहासाठी काढलं असतं तरी मी समजलो असतो. या कारणाची चीड मला आजही आवरत नाही.

पोलीस ॲक्शन झाली, निजाम नमला, आम्ही झेंडे लावले. मग मुसलमानांच्या घरांचं आमच्यातल्याच काहींनी जे केलं, त्यावर आमचं एकही पत्रक निघालं नाही, हेही लिहून ठेवतो. मास्तर बीबींना घेऊन हैदराबादेला लेकीकडं निघाले. मी मोटारीपाशी गेलो. वाटलं होतं, बोल लावतील. ते हळूच म्हणाले, "त्या पोरांना मी एक धडा चुकीचा शिकवला, बाबा. मला काय आता वर्ग न्हाई. तू तेवढा दुरुस्त कर."

मी शब्द दिला आणि वर्गातले जुने सोबती एकेक करून गाठले. कुणी दुकानात, कुणी तहसीलीत चिकटलेले. एकानंही ऐकलं नाही. शेवटी पाटलाच्या पोराकडं गेलो. त्यानं मला ओसरीवर बसवलं, चहा सांगितला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुला शिकवता शिकवता मास्तर थकले, आन तू त्यांची चूक काढतूस व्हय? अरं, त्या धड्यापायी माणूस ठाण्यात जाऊन बसला. खोट्या धड्यापायी कोण जातंय?"

मी वाद घालणारा माणूस आहे, गाव साक्षीला आहे. पण त्या दिवशी चहा प्यायलो आणि घरी आलो.