मोरिबाने तासलेल्या पट्ट्या

ज्या गिटारीचे कान हवे तसे पिळता येतात तिने ताठ बसावे, आणि एकदा तासले की भरून न येणाऱ्या लाकडाने तिच्यासाठी झिजावे, हा कुठला न्याय? कीता गावच्या तेनिन आत्याने १९७६ साली आपल्या भाच्याला, मोरिबा दियाबातेला, हे विचारले. 

दियाबाते हे पिढीजात स्तुतिगायक. बारशाला यजमानाचे पूर्वज गाऊन जागवायचे, हा त्यांचा धर्म. मोरिबाकडे बापाचा बालाफोन होता: काठ्यांनी वाजवायच्या लाकडी पट्ट्या, खाली भोपळे, भोपळ्यांच्या भोकांवर कोळ्याच्या कोशाचा पापुद्रा. त्या पापुद्र्याची गुणगुण ऐकल्याशिवाय कीताच्या गायिका सूर उचलीत नसत.

राजधानी बामाकोतील एका हॉटेलच्या वाद्यवृंदाला मातीचा सुगंध हवा होता. त्यासाठी प्रमुख झुमाना कुलिबाली मोटारीतून आला. सुगंध आवडला, माती तेवढी खटकली.

"पट्ट्या जरा तासल्या की गिटारीशी जुळतील," तो म्हणाला. "आणि ते कोश काढ. माईकवर माश्या बसल्यासारखं वाजतं."

"चवळ्या खाऊन तुझं पोट वाजतं, ते आधी सुरात आण, कुलिबाली," आत्या म्हणाली.

"आमच्या उष्ट्या चवळीवरच वाढलात तुम्ही दियाबाते. गुलाम कुठले."

दोन्ही कुळांचे नातेच थट्टेचे. कोणी रागावले नाही. त्या हशाच्या आडोशाने मोरिबाने होकार उरकून घेतला.

"बापानं धुरात वाळवलेलं लाकूड आहे ते, मोरिबा."

"आत्या, जग पुढं गेलं."

"जाऊ दे की. त्याच्या वाटेत तू कशाला लाकूड टाकतोस?"

त्याने पट्ट्या तासल्या, कोशही काढले. पुढे आठ वर्षे तो भरजरी झगा व काळा चष्मा घालून कर्णे फुंकणाऱ्यांच्या मागे बसला. बालाफोन श्रोत्यांना दिसे, ऐकू येत नसे. जन्मात एकही बारसे न ऐकलेल्या समीक्षकांनी यालाच परंपरेचा संगम म्हटले. मग वृंदाने विजेची पेटी आणली. तिच्या एका बटणात बालाफोनचा आवाज होता, आणि बटण जेवायला मागत नाही. मोरिबाला निरोप मिळाला.

कीताला परतल्यावर तो एका बारशाला बसला. बापाचे बोल त्याच्या हातांनी चोख उचलले. पट्ट्यांनी हॉटेल वाजवले. आत्याने गाण्यासाठी तोंड उघडले, मिटले, आणि शेजारणीला म्हणाली, "गिटार आलीय वाटतं. पाहुणी आहे, तिला भात वाढा."

गायिका बालाफोनवाचूनच गायल्या. यजमानाने मोरिबाला पुन्हा बोलावले नाही.

१९८९ साली त्याने कीताच्या बाजारात गिटारीच्या तारांचे दुकान टाकले.